दादाला मनोरुग्णालयात भरती करावं लागणार असं दिसतंय... आईला कसं समजवू? (ग्वाल्हेर)

लष्करवासी | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. वाचतो रोज, लिहितो क्वचित. आज लिहितोय, कारण घरात बोलायची सोय राहिली नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं आमचं घर जुनं आणि मोठं आहे, पण एका खोलीत कुजबुजलं तर दुसरीत ऐकू जातं. दादा तर हल्ली कुजबुजीवरच कान लावून असतो.

दादा ४४ वर्षांचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बीएस्सीला गणितात कॉलेजात पहिला होता. २३व्या वर्षी पहिल्यांदा बिघडलं. निदान स्किझोफ्रेनिया. नंतरची बरीच वर्षं गोळ्यांवर बरी गेली. सकाळी दूध आणणं, संध्याकाळी गल्लीतल्या दोन-तीन मुलांची शिकवणी, गणपतीत आरतीला झांज. झांज फक्त त्यानेच वाजवायची, बाकी कुणी हात लावायचा नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्याने गोळ्या सोडल्या. आम्हाला कळायला तीन महिने लागले. गच्चीवरच्या तुळशीच्या कुंडीत आईला मातीत चिकटून बसलेल्या पांढऱ्या गोळ्या सापडल्या. त्यानंतर देऊन पाहिल्या, भांडून पाहिलं, वरणात घालून पाहिलं (माहीत आहे, चूक केली). आता त्याचं म्हणणं असं की गच्चीवरच्या टाकीत कुणीतरी काहीतरी मिसळतं. टाकीला त्याने स्वतःचं कुलूप घातलंय. तीन आठवडे आम्ही गल्लीच्या हातपंपावरून पाणी भरतोय. रात्री दोन-अडीच तासांपेक्षा जास्त झोपत नाही. परवा आईने टाकीची किल्ली मागितली तर तिचा हात पिरगाळला. आयुष्यात पहिल्यांदा.

डॉक्टर म्हणतात भरती करा, किमान तीन-चार आठवडे. आई म्हणते, आपल्या घरातून तिथे कुणी गेलेलं नाही. इतर गावची पोरं चिडवताना एकमेकांना आग्र्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवतात, आमच्या शाळेत आग्र्याची गरज नव्हती, गावातच सोय होती. आईचं लहानपणही इथलंच, तिच्या डोक्यात तेच बसलंय.

खरं कारण वेगळं आहे. अकरा वर्षांपूर्वी एकदा त्याला दुसऱ्या शहरातल्या एका खाजगी केंद्रात ठेवलं होतं. नाव लिहीत नाही. एकवीस दिवस भेट नाही, फोन नाही, "पेशंट डिस्टर्ब होतो". घ्यायला गेलो तर डोकं भादरलेलं, अंगात त्यांचा निळा गणवेश. गाडीत ग्वाल्हेर येईपर्यंत शब्द नाही. दारात पाऊल ठेवल्यावर आईला एवढंच विचारलं, "माझा चौकटीचा शर्ट कुठे आहे?" तो शर्ट त्या लोकांनी परत दिलाच नव्हता.

आता आई म्हणते, भरती करायचीच असेल तर त्याला सांगू नको. ओंकारेश्वरला दर्शनाला जातोय म्हणून गाडीत बसवू. मामाही त्याच मताचे. मला पटत नाहीये, पण दुसरं काही सुचतही नाहीये. आतलं वातावरण हल्ली कसं असतं, उपचार नेमके काय करतात, किती दिवस? कुणाचा जवळून अनुभव असेल तर लिहा.

टपरीवरचा | रविवार, रात्री ११:५८

रुमाल टाकून ठेवतो. काळजी घ्या मित्रा.

जुनी_सिस्टर | सोमवार, सकाळी ६:१०

लष्करवासी, आधी शांतपणे ग्लासभर पाणी प्या. (टाकीतलं प्या, काही होत नाही.)

मी मूळची ग्वाल्हेरची, नोकरी दुसऱ्या राज्यात सरकारी मनोरुग्णालयात झाली, एकतीस वर्षं, बहुतेक पुरुषांच्या वॉर्डात. निवृत्त होऊन परत आले. तुम्ही जे वर्णन केलंय तशी माणसं मी आठवड्याला चार-पाच तरी घेतली असतील.

पहिले काही दिवस कुणी फार बोलत नाही. आधी झोप आणतात. तुमच्या दादाला तीन आठवड्यांची झोप बाकी आहे, ती फेडल्याशिवाय त्याच्याशी कसलं समुपदेशन करणार? त्याच दिवसांत रक्त, शुगर, थायरॉइड, वजन, ईसीजी. नातेवाइकांना वाटतं डॉक्टर काही करतच नाहीत, नुसता झोपवून ठेवलाय.

औषधाने आधी चिडचिड आणि बेचैनी उतरते, ती काही दिवसांत. संशय जायला आठवडे लागतात, दोन ते सहा धरा. आणि तो एकदम पुसून जात नाही हे आईला आत्ताच सांगून ठेवा. आधी त्याचा ताप कमी होतो. माणूस म्हणतो, "मिसळत असतील, पण जाऊ दे." हे वाक्य ऐकलं की आम्ही सिस्टर एकमेकींकडे बघायचो. उतार पडला.

पाण्याचंच सांगते. असा पेशंट आला की मी पाण्याचा जग घेऊन जायचे, त्याच्यासमोर आधी माझ्या ग्लासात ओतून प्यायचे आणि जग तिथेच ठेवून दुसऱ्या कामाला लागायचे. "विष नाहीये" म्हणून वाद घालायचा नाही, "हो हो, विष आहे" म्हणून री ओढायची नाही. दोन्हींनी नुकसान होतं. "तुम्हाला भीती वाटतेय हे दिसतंय मला" इतकं म्हटलं तरी पुरे. घरीही हेच करा.

दिवस कसा जातो विचारलंत. सहाला चहा. गोळ्या रांगेत, "आ करा, जीभ वर करा" म्हणून बघतात, राग मानायचा नाही, तुळशीच्या कुंडीचा अनुभव सगळ्यांना असतो. आठवड्यातून दोनदा दाढी, वस्तरा आमच्याकडे मोजून येतो आणि मोजून जातो. दहानंतर जो सावरलाय त्याला व्यवसायोपचाराला पाठवतात: सुतारकाम, पाकिटं, बाग, स्वयंपाकघरात भाजी निवडणं. लोक हसतात, पाकिटं चिकटवून कुठे आजार बरा होतो? पाकिटासाठी नसतंच ते. अकरा वाजता कुठेतरी पोचायचं आहे म्हणून दहाला अंघोळ करायची, ही सवय आजाराने मोडलेली असते, ती परत लावायची असते.

नेताना बरोबर द्यायचे कपडे: लेंगा-पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक घाला. पट्टा, बुटाच्या लेस, काचेची बाटली, काडेपेटी घेत नाहीत. कशासाठी ते तुम्हाला समजेल, आईला सांगायची गरज नाही.

हात थरथरणं, लाळ गळणं, एका जागी बसवेना असं झालं तर तो आजार नव्हे, औषधाचा त्रास आहे आणि त्यावर उपाय असतो. डॉक्टरांना लगेच सांगायचं. पुष्कळ लोक याच त्रासाने गोळ्या सोडतात आणि घरचे म्हणतात हट्टी आहे.

ओंकारेश्वरबद्दल दुपारी लिहिते. आता दूध उतू जातंय.

कायद्याचा_कीडा | सोमवार, सकाळी ९:३५

सिस्टरांनी आतलं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. मी वकील, काही वर्षं याच विषयात काम केलंय.

तुमच्या दादाचं डोकं भादरलं तेव्हा १९८७चा कायदा होता. आता मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आहे, लागू २९ मे २०१८पासून. त्याच्या २०व्या कलमात सक्तीने डोकं भादरायला मनाई आहे, आणि स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती करता येत नाही. हो, चौकटीच्या शर्टाचा हक्क कायद्यात आहे. फोन, पत्र, भेट यांचाही हक्क आहे. "एकवीस दिवस भेट नाही" हा नियम कुणी सरसकट सांगू लागला तर तिथून उठा.

स्वतःहून भरती व्हायला कलम ८६. दादा तयार नसेल तर कलम ८९, त्याला आधारासह भरती म्हणतात. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने करायचा, त्याने कुणाला नेमलं नसेल तर तुम्ही नातेवाईक म्हणून चालता. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञच हवा, आणि तपासणी त्याच दिवसाची किंवा आधीच्या सात दिवसांतली. मुदत ३० दिवस. पुढे ठेवायचं तर कलम ९०, आणि त्याला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची (या कायद्याखालचं, भरती तपासणारं मंडळ) परवानगी लागते. भरतीची खबर पुरुषाच्या बाबतीत मंडळाला सात दिवसांत द्यायची असते, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन.

साखळी कोणत्याही प्रकारे नाही, कलम ९५. बांधून ठेवणं फक्त तातडीचा धोका टाळायला, दुसरा उपाय नसेल तेव्हाच, डॉक्टरच्या लेखी परवानगीने, आणि तुम्हाला २४ तासांत कळवून. शिक्षा म्हणून कधीच नाही. भरती करण्याआधी संस्थेची नोंदणी विचारा, लाजू नका.

अवांतर, पण गावचं आहे म्हणून: सुप्रीम कोर्टाने ११ नोव्हेंबर १९९७ला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला देशातल्या तीन मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवायला सांगितलं. रांची, आग्रा आणि आपलं ग्वाल्हेर. आयोगाने पुढे निमहान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेबरोबर ३७ सरकारी मनोरुग्णालयं पाहिली आणि १९९९मध्ये अहवाल काढला. कितीतरी इमारती अजून तुरुंगासारख्याच होत्या. तेव्हा आईची भीती हवेतून आलेली नाही. तिच्या तरुणपणी ती खरीच होती.

तर्कट | सोमवार, सकाळी १०:२०

सगळं गोड चाललंय, म्हणून थोडं मीठ. कलमं वाचून बरं वाटतं. प्रत्यक्षात मंडळ तुमच्या जिल्ह्यात बसतं का, ते विचारा. रात्री अकराला वॉर्डबॉय कलम ९५ वाचून कामावर येत नाही. आणि सिस्टर, तुमच्या हॉस्पिटलात वीस-वीस वर्षं पडून राहिलेले लोक नव्हते का? ते कुठल्या उपचारपद्धतीत बसतात?

जुनी_सिस्टर | सोमवार, दुपारी २:४५

होते. खोटं कशाला बोलू. माझ्या शेवटच्या वॉर्डात निम्मे तरी असे होते की औषधावर ठीकठाक, पण न्यायला कुणी नाही. भरती करताना नातेवाइकांनी पत्ताच चुकीचा लिहिलेला. एका गृहस्थांच्या घरी मी दर दिवाळीला पोस्टकार्ड टाकायचे, "तब्येत उत्तम, भेटायला यावे." सात कार्डं परत आली. आठव्या वर्षी ते म्हणाले, "सिस्टर, या वेळी नका टाकू, तुमचे पैसे जातात." गृहस्थ माझे सगळे हिशेब तपासून द्यायचे, वॉर्डाचं साबणाचं रजिस्टर त्यांच्याच अक्षरात आहे.

तुम्ही म्हणता ते मीठ मला मान्य आहे. फक्त ते मीठ एकट्या हॉस्पिटलच्या जखमेवर चोळू नका, थोडं घरांसाठीही ठेवा.

आता ओंकारेश्वर. अजिबात नको. का ते माझ्यापेक्षा चांगलं सांगणारं कुणीतरी इथे असेल.

कायद्याचा_कीडा | सोमवार, दुपारी ३:०५

कलम १९: घरचे घेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला आत ठेवता येत नाही. तर्कट म्हणतील कागदावर. हो, कागदावर. पण कागदाशिवाय तर भांडताही येत नाही. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना गावी पोचवते, त्यांना २०१८ला मॅगसेसे मिळालं. एकेक घर शोधत जाणं हे किती चिकाटीचं काम आहे, ते सिस्टरांच्या पोस्टकार्डांवरून कळतंच.

मुरारचा_मी | सोमवार, रात्री १०:३०

बोलावलंत म्हणून आलो, सिस्टर. हे आयडी आजच काढलंय, नेहमीच्या नावाने लिहायची हिंमत नाही.

मी दोनदा भरती झालोय. निदान बायपोलर, म्हणजे कधी मन उधाणतं, कधी पार खचतं. पहिल्यांदा मला सांगितलं, डोळे तपासायला जातोय. मी चष्म्याची जुनी पर्ची खिशात घालून निघालो. गेटमधून गाडी आत गेली आणि मागे गेट बंद झालं तेव्हा माझ्या हातात ती पर्ची होती. भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते.

बाकी उपचार चांगले झाले. डॉक्टर चांगले, जेवण बरं. पण पुढची चार वर्षं घरात कुणी "चल, जरा बाजारात जाऊन येऊ" म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. गोळ्या मी याच कारणाने एकदा सोडल्या. ज्यांनी डोळ्यांचं खोटं सांगितलं, ते गोळीचं खरं कशावरून सांगत असतील? लष्करवासी, तुमच्या दादाला आधीच वाटतंय की घरातले लोक त्याच्या पाण्यात काहीतरी मिसळतात. तुम्ही वरणात गोळी घातलीत. म्हणजे त्याचा संशय थोडासा खराच निघाला की नाही? त्यावर ओंकारेश्वर नका चढवू.

दुसऱ्यांदा मी स्वतः गेलो, सही स्वतःची. डिप्रेशन इतकं होतं की कूस बदलायला दहा मिनिटं लागत. तेव्हा मला शॉक दिले, आठ. लोकांच्या डोक्यात वेगळंच चित्र असतं म्हणून लिहितो. सकाळपासून उपाशी. शिरेत सुई, भूल, "शंभरपासून उलटे मोजा", मी सत्त्याण्णवपर्यंत पोचल्याचं आठवतं. उठलो तेव्हा जबडा दुखत होता, तोंडात रबराची चव, आणि प्रचंड भूक. पाचव्यानंतर मी आपण होऊन दाढी केली.

फुकट काहीच नसतं. त्या महिन्यात भाच्याची मुंज झाली. सुट्टी घेऊन मी गेलो होतो, फोटोत आहे, सोवळं नेसून लाडू वाढतोय. मला त्यातलं काहीही आठवत नाही. बाकीच्या आठवणी आल्या, ती नाही आली. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी घेईन.

कायद्याचा_कीडा | सोमवार, रात्री १०:५०

मुरारकर, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पुरवणी: भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं आता बेकायदेशीर आहे. १९३८ला रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केलं तेव्हा भूल नव्हती. लोकांच्या डोक्यातलं चित्र त्या काळातलं आहे.

राजवाडा_इंदूर | मंगळवार, सकाळी ११:१५

इंदूरहून लिहितेय. आमच्याकडे हे प्रकरण पहिल्यांदा जावऱ्याला जातं, हुसैन टेकरीच्या दर्ग्याला. लोबानचा धूर, जाळीला धरून किंचाळणाऱ्या बायका. माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला सत्तरच्या दशकात तीन महिने तिथे ठेवलं होतं. ब्राह्मणांचं घर, पण तेव्हा कुणी धर्म विचारला नाही. बरी झाली का? नाही. पुढे इंदुरात औषध सुरू झाल्यावर सावरली.

पण सासूबाई म्हणायच्या की जावऱ्याला एक गोष्ट बरी होती, तीनही महिने आई तिच्याजवळ झोपायची. हॉस्पिटलात मात्र गेटवर सही घेऊन आईला परत पाठवलं. हे मला नेहमी खटकतं. जिथे औषध आहे तिथे माणूस नाही, जिथे माणूस आहे तिथे औषध नाही, असं का?

मात्र श्रद्धास्थानांचं कौतुक करताना एर्वाडी विसरू नये. तमिळनाडूत दर्ग्याजवळच्या आश्रमात ६ ऑगस्ट २००१ला आग लागली, २८ जण साखळीला बांधलेले होते, ते जळून गेले.

जुनी_सिस्टर | मंगळवार, दुपारी १:३०

इंदूरकर ताई, दोन्ही एकत्र आणणारे लोक आपल्याकडेच होऊन गेले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात पन्नासच्या दशकात डॉ. विद्यासागर होते. गर्दी मावेना म्हणून त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांनाच पेशंटजवळ राहायला लावलं. आजार काय, औषध का, घरी गेल्यावर काय करायचं, हे सगळं नातेवाईक तिथेच शिकले. पेशंट लवकर घरी जाऊ लागले. वेल्लोरला सीएमसीच्या (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) मानसिक आरोग्य केंद्रातही कुटुंबातल्या माणसाने सोबत राहण्याची पद्धत त्याच दशकात सुरू झाली. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे शिकवायचे, आणि वॉर्डात आल्यावर पाटी दिसायची: भेटीची वेळ ४ ते ५.

लंडनला समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी दाखवलं होतं की ज्या घरात टोमणे, राग किंवा सतत डोक्यावर बसणं जास्त, तिथे परत गेलेला पेशंट पुन्हा जास्त बिघडतो. म्हणून हॉस्पिटलवाल्यांनी घरच्यांशी बोलायला हवं, नाहीतर औषध वॉर्डात आणि आजार घरी अशी वाटणी होते.

राजवाडा_इंदूर | मंगळवार, दुपारी २:१०

आणि आपल्या शेजारच्या आग्र्याचं! जागतिक आरोग्य संघटनेने साठच्या दशकाच्या शेवटी नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला, त्यात भारतातलं केंद्र आग्रा होतं. आग्रा, नायजेरियातलं इबादान आणि कोलंबियातलं काली इथले पेशंट लंडन-वॉशिंग्टनपेक्षा चांगले सावरलेले आढळले. एकत्र कुटुंबाचा फायदा म्हणतात.

तर्कट | मंगळवार, दुपारी २:४०

एकत्र कुटुंब म्हणजे कोण, हे कधीतरी कुणीतरी मोजा. म्हणजे घरातली सून. दिराला तीन वेळा गरम पोळी, त्याच्या गोळ्यांचं वेळापत्रक, रात्री दारावर लक्ष, आणि अभ्यासात श्रेय "संस्कृती"ला. माझ्या आईने वीस वर्षं काकाचं केलं. कोणत्याही तक्त्यात तिचं नाव नाही. त्या अभ्यासाच्या निष्कर्षांवर पुढे भरपूर वादही झालाय.

राजवाडा_इंदूर | मंगळवार, दुपारी २:५५

हे मात्र पटलं. काहीही बोलायला जागा नाही.

धागा_व्यवस्थापक | मंगळवार, संध्याकाळी ५:००

चर्चा चांगली चालू आहे. औषधांची नावं आणि डोस प्रतिसादांत सुचवू नयेत. तातडीने बोलायची गरज असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

लष्करवासी | शुक्रवार, रात्री १२:२०

सगळं वाचलं, दोनदा. मुरारकर, वरणाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून उठून गच्चीवर गेलो आणि बराच वेळ तिथेच बसलो.

काल दादाला सांगितलं. आई समोर, मामांना मुद्दाम बोलावलं नाही. म्हटलं, वरणात गोळ्या मी घालत होतो, आता घालणार नाही. तू झोपत नाहीस, तू आईचा हात पिरगाळलास, आणि मला भीती वाटतेय. परवा मी तुला हॉस्पिटलात नेणार आहे. ओंकारेश्वरला नाही. (आईने डोक्याला हात लावला.)

तो भडकेल असं वाटलं होतं. भिंतीकडे बघत बसला. मग विचारलं, "शर्ट काढून घेतात?" म्हटलं नाही, कायदा आहे. आणि कलम २० मोबाइलवर काढून दाखवलं. त्याने सगळं वाचलं, मग त्याच्या सवयीप्रमाणे त्यातली उपकलमं मोजली. म्हणाला, "मी सही करणार नाही." म्हटलं, नको करू, मी करतो, आणि माझीच सही आहे हे तुला माहीत असू दे.

आई रात्री दीडपर्यंत जागी होती. त्याच्या चार लेंग्यांच्या नाड्या काढून इलॅस्टिक ओवत होती, सेफ्टी पिनेला अडकवून. का ते तिने विचारलं नाही. तिला समजलंय, सिस्टर.

जुनी_सिस्टर | शुक्रवार, सकाळी ५:५५

समजणारच. जेवायला काय देता येतं ते विचारून घ्या, पहिल्या दिवशी घरचा डबा चालत असेल तर न्या. आणि जाताना "लगेच येतो" म्हणू नका. कधी येणार तो वार आणि वेळ सांगा, आणि त्या वेळेला जा. पावसात भिजलात तरी.

लष्करवासी | तीन आठवड्यांनी, रविवार

उशीर झाला, माफ करा. भरती झाली, कलम ८९खाली, दोन तपासण्या करून. गेटवर दादाने माझ्या दंडाला धरलं होतं, वॉर्डाच्या दारात आपणहून सोडलं. पहिला आठवडा नुसता झोपला. दुसऱ्या आठवड्यात हात थरथरू लागले, डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध बदललं. गुरुवार आणि रविवार चार वाजता जातो. एकदा टेंपो बंद पडला, वीस मिनिटं उशिरा पोचलो, तर गेटशीच उभा होता, घड्याळ बघत. "चार म्हणाला होतास."

तर्कट, तुमच्यासाठी: सगळं काही आदर्श नाही. संडासाच्या दाराला कडी नाही, रात्री दिवे चालूच असतात, आणि एक कर्मचारी सगळ्यांना अरे-तुरे करतो. दादाने त्याला सांगितलं, "मी बीएस्सी आहे, मला अहो म्हणा." आता म्हणतो म्हणे.

सुट्टी देण्याआधी तिथल्या सोशल वर्करने मला आणि आईला दोनदा बसवलं. आईने विचारलं, पुन्हा असं होणार नाही ना? त्या म्हणाल्या, होऊ शकतं, पण या वेळी कुंडीत गोळ्या सापडेपर्यंत थांबू नका, झोप कमी झाली की या. महिन्याला एक इंजेक्शन ठरलंय, रोजच्या गोळ्यांच्या ऐवजी. दादाने स्वतःच निवडलं. म्हणाला, बारा दिवस लक्षात ठेवणं तीनशे पासष्टपेक्षा सोपं.

मुरारचा_मी | रविवार, रात्री ९:१०

तो हिशेब मी माझ्या डॉक्टरना सांगणार आहे.

लष्करवासी | आणखी पंधरा दिवसांनी

दादा घरी आहे. टाकीचं कुलूप अजून आहे, किल्ली त्याच्याच खिशात. रोज सकाळी मोटार तोच लावतो, टाकी भरली की कुलूप घालतो, आम्हाला नळाचं पाणी चालू झालंय. स्वतः मात्र हातपंपाचं पितो.

जुनी_सिस्टर | त्याच रात्री

पिऊ दे. हातपंपाचं पाणी थंड असतं. पुढचं इंजेक्शन कधी?

लष्करवासी | दुसऱ्या दिवशी सकाळी

नेमकं अनंत चतुर्दशीला येतंय. झांज त्याची असते, दिवसभर विसर्जनात जाईल. एक दिवस आधी चालेल का विचारायला आज ओपीडीत आलोय, नंबर ६४. दादा शेजारी बसलाय, पुढच्या बाईच्या मुलाला सतराचा पाढा शिकवतोय.